गोळी झाडणाऱ्याला भाऊ म्हणणारे पोप

(फातिमामातेच्या सणानिमित्त अभ्यासपाठ)

वाचन : मत्तय ५:४३-४८, मत्तय १८:२१-३५, लूक २३:३३-३४, प्रेषितांची कृत्ये ७:५४-६०



१३ मे रोजी आपण फातिमामातेचा सण साजरा करतो. १९१७ साली याच तारखेला पोर्तुगालमधील फातिमा गावी पवित्र मरियेने तीन मेंढपाळ बालकांना प्रथम दर्शन दिले. ख्रिस्तसभेच्या इतिहासात ही तारीख आणखी एका घटनेमुळे लक्षात राहिली आहे. १३ मे १९८१ रोजी रोममध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर गोळीबार झाला आणि ते मरणाच्या दारातून परत आले.

ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पोपमहोदयांनी हल्लेखोराला क्षमा केली, हेही आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकले आहे. पण त्यांनी क्षमा नेमकी कशी केली? केव्हा केली? हल्लेखोराने माफी मागितली होती का? क्षमा केली तर मग तो माणूस तुरुंगात का राहिला? या प्रश्नांकडे आपण सहसा वळत नाही. आपल्या घरांत, वाड्यांत आणि समूहांत आज जे अबोले आहेत, त्यांच्याशी या प्रश्नांचा फार जवळचा संबंध आहे. म्हणून या आठवड्याच्या अभ्यासासाठी आम्ही हा विषय घेतला आहे.

धर्मगुरू आणि राष्ट्रप्रमुख

पोप हे जगभरच्या कॅथलिकांचे आध्यात्मिक प्रमुख आहेत. त्याचबरोबर ते एका स्वतंत्र राष्ट्राचेही प्रमुख आहेत. ११ फेब्रुवारी १९२९ रोजी इटली आणि पोपपीठ यांच्यात लॅटरन करार झाला आणि व्हॅटिकन हे सुमारे ४४ हेक्टरांचे, जगातील सर्वांत लहान राष्ट्र अस्तित्वात आले. पोपच्या जिवावर हल्ला करणाऱ्याला इटलीच्या राजावर हल्ला करणाऱ्याइतकीच शिक्षा व्हावी, असे या करारात नमूद केले होते. संत पेत्र चौक व्हॅटिकनच्या हद्दीत असला तरी तो लोकांसाठी खुला असतो आणि तेथील बंदोबस्त इटलीचे पोलीस पाहतात, हीसुद्धा त्याच करारातील तरतूद आहे. पुढे खटल्याच्या वेळी या गोष्टीला महत्त्व आले, म्हणून ती येथे सांगितली.

राष्ट्रप्रमुखांवर हल्ले होत आले आहेत. परंतु बहुतेक राष्ट्रप्रमुख हल्ल्यातून बचावले की सुरक्षा वाढवतात आणि हल्लेखोराचा विषय न्यायालयावर सोडून मोकळे होतात. पोपला तेवढ्यावर थांबता येत नाही. दर रविवारी जो शुभवर्तमानाची घोषणा करतो, त्याला आपल्या वैऱ्याचे काय करायचे या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या जीवनातून द्यावे लागते.

मनिला, १९७०

आधुनिक काळात पोपवर झालेला हा पहिला हल्ला नव्हता. त्याआधी संत सहावे पॉल यांच्यावर असा प्रसंग आला होता. हेच ते पोप, जे डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी मुंबईला आले होते. आपल्या धर्मग्रामातील काही वडीलधाऱ्यांना ते दिवस अजून आठवत असतील. नोव्हेंबर १९७० मध्ये ते पुन्हा आशियाच्या दौऱ्यावर निघाले. चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेल्या तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील लोकांचे सांत्वन करण्यासाठी ते वाटेत ढाक्याला थांबले आणि २७ नोव्हेंबरला फिलिपिन्सच्या मनिला विमानतळावर उतरले. स्वागताच्या गर्दीत धर्मगुरूच्या वेशात एक माणूस उभा होता. तो बोलिव्हियाचा एक चित्रकार होता. पोप जवळ येताच त्याने लपवलेला सुरा काढून वार केला. पोपचे सचिव आणि इतर सोबत्यांनी त्याला मागे ढकलले.

पोपमहोदय तेव्हा ७३ वर्षांचे होते. त्यांच्या छातीला जखम झाली होती. तरीही त्याचा गाजावाजा न करता त्यांनी ठरलेला कार्यक्रम पुढे चालू ठेवला. जखम खरोखर झाली होती, हे लोकांना पुष्कळ वर्षांनी कळले. १९ ऑक्टोबर २०१४ रोजी त्यांना धन्य घोषित करण्यात आले, तेव्हा मनिलामधील तेच रक्ताचे डाग पडलेले आतले वस्त्र अवशेष म्हणून वेदीजवळ आणले होते. २०१८ साली ते संत म्हणून घोषित झाले.

१३ मे १९८१

त्या दिवशी बुधवार होता. दर बुधवारी होते तशी पोपमहोदयांची जाहीर भेट संत पेत्र चौकात होती. कुटुंबाच्या प्रेषितकार्यासाठी व्हॅटिकनमध्ये एक नवी परिषद स्थापन झाल्याचे ते त्या दिवशी जाहीर करणार होते. पांढऱ्या उघड्या मोटारीतून ते गर्दीतून हळूहळू फिरत होते. एका लहान मुलीला त्यांनी उचलून घेतले आणि पुन्हा तिच्या आईवडिलांच्या हाती दिले. एवढ्यात, सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास, गोळ्यांचे आवाज झाले.

एक गोळी त्यांच्या पोटात शिरली. डाव्या हाताच्या बोटाला आणि उजव्या हाताला कोपराजवळही इजा झाली. गर्दीतील दोन स्त्रियाही जखमी झाल्या. गोळी झाडणारा तरुण पळू लागला, तेव्हा जवळच्या एका धर्मभगिनीने त्याला धरले आणि तो पोलिसांच्या हाती लागला. त्याचे नाव मेहमेत अली आग्जा, वय २३, तुर्कस्तानचा रहिवासी. १९७९ च्या फेब्रुवारीत त्याने इस्तंबूलमध्ये ‘मिल्लियेत’ या दैनिकाचे संपादक अब्दी इपेक्ची यांची हत्या केली होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो तेथील तुरुंगातून पळाला. पोपमहोदय तेव्हा तुर्कस्तानच्या भेटीवर येणार होते. त्यांना ठार मारण्याची धमकीही त्याने लेखी दिली होती.

पोपमहोदयांना रुग्णवाहिकेतून जेमेल्ली रुग्णालयात नेण्यात आले. वाटेत ते आपल्या मातृभाषेत, पोलिश भाषेत, मरियामातेचा धावा करीत होते. शरीरातील पुष्कळ रक्त वाहून गेले होते. त्यांचे सचिव फादर स्तानिस्लाव जिविश यांनी त्यांना आजाऱ्यांच्या अभ्यंगाचा संस्कार दिला. शस्त्रक्रिया पाच तासांहून अधिक वेळ चालली. गोळी मुख्य रक्तवाहिनीपासून अगदी काही मिलिमीटर अंतरावरून गेली होती. तिचा मार्ग थोडा जरी बदलला असता तरी ते रुग्णालयापर्यंत पोचलेच नसते.

चार दिवसांनी

रविवार, १७ मे. दुपारी संत पेत्र चौकात लोक नेहमीप्रमाणे मरियामातेच्या प्रार्थनेसाठी जमले होते. खिडकी रिकामी होती. पण ध्वनिवर्धकावरून पोपमहोदयांचा आवाज आला. रुग्णालयातील खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी तो छोटा संदेश ध्वनिमुद्रित करून पाठवला होता.

त्या संदेशातील क्रम पाहण्यासारखा आहे. त्यांनी लोकांच्या प्रार्थनांबद्दल आभार मानले. मग आपल्याबरोबर जखमी झालेल्या त्या दोन स्त्रियांची आठवण काढली. त्यानंतर आपल्यावर वार करणाऱ्या भावासाठी आपण प्रार्थना करतो आणि त्याला आपण मनापासून क्षमा केली आहे, असे सांगितले. शेवटी आपले दुःख ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडून ख्रिस्तसभेसाठी आणि जगासाठी अर्पण केले.

त्यांनी हल्लेखोराला ‘भाऊ’ म्हटले. खटला सुरू व्हायचा होता. त्याला कोणी पाठवले ते कळले नव्हते. त्याला पश्चात्ताप झाला आहे की नाही, हेही ठाऊक नव्हते. स्वतः पोपमहोदय पूर्णपणे धोक्याबाहेर नव्हते. ३ जूनला ते घरी परतले खरे, पण संसर्ग होऊन २० जूनला त्यांना पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले. ५ ऑगस्टला आणखी एक शस्त्रक्रिया झाली आणि १४ ऑगस्टला ते कायमचे घरी आले. म्हणजे क्षमेचा शब्द त्यांनी उच्चारला तो मे महिन्यात, आणि जखम भरली ती ऑगस्टमध्ये. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू या, कारण पुढे आपल्याला तिचा उपयोग होणार आहे.

या शब्दांमागे तयारी होती. गोळीबाराच्या साडेपाच महिने आधी, ३० नोव्हेंबर १९८० रोजी, त्यांनी देवाच्या दयेवर एक विश्वपत्र प्रसिद्ध केले होते. त्यात लिहिलेले स्वतःच्या अंगावर घेण्याची वेळ इतक्या लवकर येईल, असे कोणाला वाटले असेल?

फातिमा, १९८२

आपले प्राण मरियामातेने वाचवले, अशी पोपमहोदयांची श्रद्धा होती. गोळी एका हाताने झाडली, पण तिची दिशा दुसऱ्या हाताने ठरवली, असे ते म्हणत. म्हणून एक वर्षाने ते आभार मानण्यासाठी फातिमाला गेले. आणि तेथे, १२ मे १९८२ च्या रात्री, त्यांच्यावर पुन्हा हल्ला झाला. एक माणूस संगीन घेऊन त्यांच्या अंगावर धावला. अंगरक्षकांनी त्याला आवरले. पोपमहोदयांना त्या वेळी जखम होऊन रक्त आले होते, ही गोष्ट कार्डिनल जिविश यांनी २००८ साली उघड केली.

हा दुसरा हल्लेखोर कोण होता? तो परधर्मीय नव्हता. तो स्पेनचा एक धर्मगुरू होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने घडवलेले बदल ज्यांना मान्य नव्हते, त्या आर्चबिशप लफेव्र यांच्याकडून त्याला गुरुदीक्षा मिळाली होती. पोप ख्रिस्तसभेचा घात करीत आहेत, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. धर्माचे रक्षण आपणच करतो आहोत अशी खात्री पटलेला माणूस वेदीच्या सेवेत असूनही हातात शस्त्र घेऊ शकतो, हे आपण विसरता कामा नये.

दुसऱ्या दिवशी, १३ मे रोजी, पोपमहोदयांनी ठरल्याप्रमाणे फातिमा येथे पवित्र मिस्सा अर्पण केला. पुढे १९८४ मध्ये त्यांनी आपल्या शरीरातून गेलेली ती गोळी फातिमा ज्यांच्या धर्मप्रांतात येते त्या महागुरूंच्या स्वाधीन केली. आज ती मरियामातेच्या पुतळ्याच्या मुकुटात बसवलेली आहे.

तुरुंगातील वीस मिनिटे

२७ डिसेंबर १९८३. नाताळचा तिसरा दिवस, प्रेषित संत योहानाचा सण. मुक्तीचे पवित्र वर्ष चालू होते. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत जगभरचे महागुरू रोममध्ये जमून समेट आणि प्रायश्चित्त या विषयावर चर्चा करून गेले होते. त्या दिवशी पोपमहोदय रोममधील रेबिब्बिया तुरुंगात गेले आणि आग्जाच्या कोठडीत त्याच्यासमोर खुर्चीवर बसले.

दोघे सुमारे वीस मिनिटे बोलले. कॅमेरे होते, पण त्यांचे बोलणे ऐकू येत नव्हते. छायाचित्रांत दिसते ते एवढेच, की दोघांची डोकी जवळ आली आहेत आणि पोपमहोदय कान देऊन ऐकत आहेत. जे बोललो ते आम्हा दोघांतच राहील, मी एका भावाशी बोललो, असे त्यांनी बाहेर आल्यावर सांगितले. या भेटीत आग्जाने त्यांच्या हाताचे चुंबन घेतले.

पुढे काही वर्षांनी या भेटीतील एक गोष्ट कळली. आग्जाला एकच कोडे पडले होते : आपला नेम चुकला नव्हता, मग हा माणूस वाचला कसा? फातिमाबद्दल त्याला भीती वाटत होती. परंतु क्षमा मागण्याचा शब्द त्याच्या तोंडून आला नाही, असे जिविश यांनी लिहून ठेवले आहे.

येथे आपण क्षणभर थांबू या. आपली अशी समजूत असते की तुरुंगात आग्जा रडला असेल, पोपच्या पाया पडला असेल आणि मग पोपनी त्याला क्षमा केली असेल. तसे घडले नाही. क्षमा अडीच वर्षांपूर्वीच केली होती. ती सांगायला पोपमहोदय स्वतः चालत गेले. समोरचा माणूस तेव्हाही तयार नव्हता. तरीही त्यांनी क्षमा मागे घेतली नाही. १९८७ मध्ये त्यांनी आग्जाच्या आईलाही भेट दिली.

मग न्यायाचे काय?

‘क्षमा केली, मग शिक्षा कशाला?’ असे कोणी विचारील. घडले ते असे. आग्जाने न्यायालयात सांगितले की गुन्हा व्हॅटिकनच्या हद्दीत घडला, तेव्हा इटलीच्या न्यायालयाला अधिकार नाही. न्यायालयाने ते मानले नाही. २२ जुलै १९८१ रोजी त्याला जन्मठेप झाली. पोपमहोदयांनी क्षमा जाहीर करून दोन महिने झाले होते. पण त्यांनी खटला थांबवायला लावला नाही. आग्जाने इटलीच्या तुरुंगात १९ वर्षे काढली. २००० साली, ज्युबिली वर्षात, पोपमहोदयांच्या मनाप्रमाणे १३ जून रोजी इटलीचे राष्ट्राध्यक्ष चांपी यांनी त्याला माफी दिली. तरीही तो लगेच मोकळा झाला नाही. त्याला तुर्कस्तानच्या ताब्यात देण्यात आले, कारण तेथे इपेक्ची यांच्या हत्येची शिक्षा बाकी होती. तो शेवटी १८ जानेवारी २०१० रोजी सुटला. पोपमहोदय त्याआधीच, २ एप्रिल २००५ रोजी, देवाघरी गेले होते. २७ डिसेंबर २०१४ रोजी, तुरुंगातील भेटीला बरोबर ३१ वर्षे झाली त्या दिवशी, आग्जा रोमला आला आणि त्यांच्या कबरीवर त्याने पांढरे गुलाब ठेवले. त्याच्या मनात काय होते ते देवच जाणो.

त्याला कोणी पाठवले, याचा पक्का उलगडा झालेला नाही. त्याने वेळोवेळी निरनिराळ्या कहाण्या सांगितल्या. काही बल्गेरियन नागरिकांवर खटला भरला गेला, पण पुरेशा पुराव्याअभावी १९८६ मध्ये ते सुटले. संशय मात्र वर्षानुवर्षे राहिला. मे २००२ मध्ये पोपमहोदय बल्गेरियाला गेले, तेव्हा त्यांनी तेथील राष्ट्राध्यक्षांना सांगितले की त्या तथाकथित बल्गेरियन कटावर आपण कधीच विश्वास ठेवला नाही. एका संपूर्ण राष्ट्राच्या माथ्यावरचा डाग पुसायला ८२ वर्षांचा आजारी म्हातारा तेथवर गेला.

आपण काय शिकावे?

१. क्षमा हा निर्णय आहे. राग शांत झाला की क्षमा करू, असे आपण म्हणतो. राग लवकर शांत होत नाही आणि क्षमा राहून जाते. पोपमहोदयांनी आधी क्षमा केली, जखम मागाहून भरली. ज्याने आपल्याला दुखवले त्याचे नाव ऐकताच आजही मन खवळत असेल, तर आपली क्षमा खोटी होती असे समजू नये. जखम अजून ओली आहे, एवढाच त्याचा अर्थ. सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करण्याचा प्रभूचा आदेश एकाच अपराधालाही लागू पडतो. तो जितक्या वेळा आठवेल, तितक्या वेळा पुन्हा क्षमा करावी लागते.

२. दुसऱ्याच्या माफीची वाट पाहू नये. ‘त्याने आधी यावे, मग बघू’ हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येते. प्रभू येशूने क्रुसावरून आपल्याला खिळणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, तेव्हा त्यांतील कोणी पश्चात्ताप केला नव्हता. संत स्तेफनाला दगडमार करणारे दगड टाकून उभे राहिले नव्हते. अर्थात क्षमा आणि समेट यांत फरक आहे. समेटाला दोघे लागतात. क्षमा एकट्यालाही करता येते. समोरच्याचा दरवाजा बंद असेल तर आपण आपला उघडा ठेवावा.

३. क्षमा म्हणजे न्यायाला सुट्टी नव्हे. हे फार स्पष्टपणे सांगायला हवे. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याकडे बायकोला ‘क्षमा कर आणि नांदायला जा’ म्हणून परत पाठवणे, ही ख्रिस्ती शिकवण नव्हे. मुलांवर अत्याचार करणाऱ्याला घरच्या अब्रूसाठी झाकणे, ही क्षमा नव्हे. ते पाप आहे, मग तो अत्याचारी कोणीही असो. तेथे पोलिसांकडे जायलाच हवे. पोपमहोदयांनी आपल्या विश्वपत्रात म्हटलेच होते की क्षमा न्यायाची मागणी रद्द करीत नाही आणि झालेल्या नुकसानीची भरपाई व्हावी लागते. क्षमा करणारा एकच गोष्ट सोडतो : सूड. शिक्षा झाली तरी ती पाहून त्याला आनंद होत नाही.

४. दुसऱ्याच्या वतीने क्षमा करता येत नाही. पोपमहोदयांनी स्वतःवरच्या हल्ल्याची क्षमा केली. इपेक्ची यांच्या खुनाची क्षमा करण्याचा अधिकार त्यांचा नव्हता आणि त्यांनी तो घेतलाही नाही. ‘मी असतो तर विसरून गेलो असतो’ असे दुखावलेल्या माणसाला सांगणे सोपे असते. आपण त्याच्या शेजारी बसावे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि त्याला वेळ द्यावा.

५. एकाच्या अपराधासाठी सगळ्यांना दोषी धरू नये. गोळी झाडणारा तुर्क होता, म्हणून पोपमहोदयांनी तुर्कांचा किंवा मुसलमानांचा द्वेष केला नाही. उलट २००१ साली दमास्कसमध्ये मशिदीत प्रवेश करणारे ते पहिले पोप ठरले. आणि हल्लेखोराच्या धर्मावरून समाजाला तोलायचे ठरवले, तर फातिमाच्या हल्लेखोराचे काय? तो तर आपलाच होता. एका घराण्यातील कोणी आपल्याशी वाईट वागला म्हणून त्याच्या मुलानातवंडांशीही आपण बोलणे टाकतो. तेव्हा ही गोष्ट आठवावी.

‘ते पोप होते, आपण साधी माणसे’

असे आपण म्हणू. पण खरे पाहता आपल्यासमोरचे अपराध किती लहान असतात! बांध एक हात सरकला. विहिरीच्या पाण्यावरून बोलाचाली झाली. वाटणीत एकाला जास्त मिळाले. लग्नात मानपान राहिला. आईवडिलांच्या अंत्यविधीला कोण आले आणि कोण आले नाही, याचा हिशेब वीस वर्षे चालतो. सख्खे भाऊ एकाच मिस्साला येतात, एक उजवीकडे बसतो आणि दुसरा डावीकडे. शांतीचे चिन्ह देताना मान दुसरीकडे वळते. आणि थोड्याच वेळात दोघेही त्याच रांगेत ख्रिस्तशरीर स्वीकारायला उभे राहतात. आपण प्रभूच्या प्रार्थनेत रोज क्षमा मागतो, आणि त्याच दमात आपणही इतरांना क्षमा केल्याचे सांगतो. ते शब्द खरे असावेत, एवढेच प्रभूचे मागणे आहे.

जमिनीचा दावा कोर्टात चालू असेल तर तो चालू दे. हक्काचा निकाल कायद्याने लागावा, यात गैर काही नाही. पण तारखेच्या दिवशी आवारात भेट झाली तर एक नमस्कार घालायला कायदा आड येत नाही. दाव्यातील भावाची मुलगी आजारी पडली, तर विचारपूस करायला वकिलाची परवानगी लागत नाही.

या आठवड्यात आपण एक छोटी सुरुवात करू या. रात्री कुटुंबात जपमाळ म्हणताना एक दशक त्या एका माणसासाठी अर्पण करू या, त्याचे नाव घेऊन. मुलांना ऐकू येईल असे नाव घेऊ या, कारण अबोला ते आपल्याकडूनच शिकतात. तेवढे जमले की पुढचे पाऊल प्रभू दाखवील. पोपमहोदयांनाही त्या कोठडीपर्यंत पोचायला अडीच वर्षे लागली.

रोममध्ये संत पेत्र चौकात, जेथे गोळ्या झाडल्या गेल्या तेथे, जमिनीत संगमरवराची एक लहान फरशी बसवली आहे. तिच्यावर पोपमहोदयांचे बोधचिन्ह आणि १३ मे १९८१ ही तारीख रोमन अंकांत कोरलेली आहे. हल्लेखोराचे नाव तेथे नाही.

लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी

१. पोपमहोदयांनी १७ मे १९८१ च्या संदेशात प्रथम इतर जखमींची आठवण केली. आपल्या दुःखात आपल्याला इतरांचे दुःख दिसते का?

२. क्षमा आणि समेट यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा. आपल्या अनुभवात यांपैकी अधिक कठीण काय आहे?

३. ‘क्षमा कर’ असा सल्ला देऊन आपण कधी एखाद्या पीडित व्यक्तीवर अन्याय केला आहे का? अशा वेळी समूह म्हणून तिला काय मदत करता येईल?

४. आपल्या समूहातील कोणत्या कुटुंबाकडे बराच काळ कोणी गेलेले नाही? या महिन्यात त्यांच्याकडे कोण जाईल?

प्रार्थना

हे दयाळू पित्या, तुझ्या पुत्राने क्रुसावरून वैऱ्यांना क्षमा केली आणि तुझा सेवक संत दुसरे जॉन पॉल याने त्या वाटेने चालून दाखवले. आमच्या मनात ज्यांच्याविषयी अढी आहे, त्यांची नावे आम्ही आज तुझ्यापुढे ठेवतो. (क्षणभर शांतता) ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना न्याय मिळू दे आणि अन्याय करणाऱ्यांची मने वळू देत. आमच्या घरांतील अबोले संपू देत. फातिमामाते, तुझ्या मायेच्या हाताने आम्हांला एकमेकांच्या दारापर्यंत घेऊन जा. आमेन.